‘फिशिंग’ : शब्द कोणाचा, दोष कोणाचा?

लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या बाजारगावात सोयाबीनची पट्टी हाती पडली की शेतकऱ्याला पूर्वी अडत्याच्या पेढीवर बसून नोटा मोजून घ्याव्या लागत. आता रक्कम परस्पर खात्यात जमा होते आणि ती जमा झाल्याची वर्दी खिशातील यंत्र देते. वर्दी इंग्रजीत असते. ती वाचून घेण्यासाठी शेतकरी शाळेतल्या नातवाला हाक मारतो, नाहीतर सेवा केंद्र चालविणाऱ्या पोराकडे जातो. आणि एके दिवशी त्याच यंत्रावर, तशाच इंग्रजीत, तशाच लांबीचा आणखी एक संदेश येतो. खाते बंद पडणार आहे, ओळखीची पूर्तता आजच करा, खालील दुव्यावर बोट ठेवा. बोट ठेवले जाते आणि वर्षाची कमाई निघून जाते.

या प्रकाराला वृत्तपत्रे, पोलीस आणि बँका ‘फिशिंग’ म्हणतात. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘अमुक गावचा शेतकरी फिशिंगचा बळी’ असे छापून येते, त्याखाली ‘नागरिकांनी आमिषाला बळी पडू नये’ असे आवाहन असते आणि प्रकरण तेथे संपते. ज्या शब्दाने प्रकरण असे मिटविले जाते, तो शब्द कोठून आला आणि तो कोणाच्या सोयीचा आहे, याची चौकशी क्वचितच होते.

हा शब्द अमेरिकेत १९९५-९६ च्या सुमारास रूढ झाला. त्या वेळी अमेरिका ऑनलाइन ही कंपनी घरोघरी संगणकाची जोडणी पुरवीत असे. कंपनीचे कर्मचारी असल्याची बतावणी करून काही तरुण तिच्या ग्राहकांना संदेश पाठवीत आणि त्यांचे परवलीचे शब्द काढून घेत. समुद्रात गळ टाकावा आणि लागेल तो मासा ओढावा, तशी ही रीत, म्हणून ‘फिशिंग’. मात्र इंग्रजीत या शब्दाचे आद्याक्षर मासेमारीच्या शब्दाप्रमाणे ‘एफ’ नसून ‘पी-एच’ आहे. सत्तरच्या दशकात दूरध्वनी यंत्रणेला फसवून फुकट बोलणाऱ्या हिकमती मंडळींनी आपल्या उद्योगाच्या नावात ही दोन अक्षरे मिरविली होती; त्यांच्या वारसांनी ती उचलली. थोडक्यात, हे नाव फसविणाऱ्यांनी स्वतःच्या कौशल्यावर खूश होऊन ठेवले आहे. चोरांच्या टोळीतील सांकेतिक शब्द जसाच्या तसा बँकांच्या परिपत्रकांत आणि शासनाच्या जाहिरातींत आला, आणि त्यात काही वावगे आहे असे कोणालाच वाटले नाही. देवनागरीत तर ती अक्षरांची कोटीही उरत नाही. मराठी वाचकाच्या दृष्टीने ‘फिशिंग’ म्हणजे निव्वळ मासेमारी. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, आणि ती पाण्याची गाडी ज्या लोहमार्गाने मुरुडवरून गेली, त्या मुलखातील माणसाला त्याच्या सर्वनाशाचे नाव मासेमारीच्या भाषेत सांगितले जाते, यातील विसंगती हसण्यासारखी आहे. पण केवळ हसण्यासारखी नाही.

कारण रूपक निरुपद्रवी नसते. गळाची प्रतिमा मनात आली की तिच्यामागोमाग आमिष येते, आमिषामागोमाग हाव येते आणि हावरा मासा आपल्याच तोंडाने गळ गिळतो. दोष माशाचा ठरतो. मराठीत ‘गळाला लागणे’ हा वाक्प्रचार जुनाच आहे, आणि त्यातही गळ टाकणाऱ्याविषयी संतापापेक्षा लागणाऱ्याविषयी किंचित तुच्छताच अधिक आहे. परंतु मुरुड, औसा, निलंगा, लोहा, कंधार या भागांतील माणूस ज्या संदेशांना फसतो, त्यांत हाव कितीशी असते? ‘मागील महिन्याचे वीजबिल भरलेले नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडण्यात येईल’ असा संदेश २०२२ च्या सुमारास राज्यभर फिरला आणि महावितरणला त्याबद्दल वारंवार खुलासे करावे लागले. या संदेशात आमिष कोणते? पंतप्रधान किसान योजनेच्या नावाने येणारी बनावट ॲप म्हणतात की पूर्तता न केल्यास दोन हजारांचा हप्ता थांबेल. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बनावट संकेतस्थळांपासून सावध राहण्याचा इशारा खुद्द सरकारलाच द्यावा लागला. दरमहा दीड हजार रुपयांवर ज्या बाईचा किराणा चालतो, तिने हक्काचे पैसे बंद होतील या धास्तीने दुव्यावर बोट ठेवले, तर तिला हावरी म्हणावे काय? लॉटरीच्या नावाने फसणारे असतात, दामदुप्पट व्याजाच्या नादी लागणारेही असतात. पण ग्रामीण गरिबाला बहुतांशी धाक दाखवून लुटले जाते. आणि हा धाक ठगाने निर्माण केलेला नाही. अमुक तारखेपर्यंत अंगठा न दिल्यास अनुदान थांबेल, तमुक कागद न जोडल्यास नाव कमी होईल, हा धाक गेली कित्येक वर्षे शासनानेच लोकांच्या अंगवळणी पाडला आहे. ठग फक्त त्या सुरात सूर मिसळतो.

येथे थोडे मागे जाणे उपयुक्त ठरेल. ज्या इंग्रजीकडून आपण ‘फिशिंग’ उसना घेतला, त्या इंग्रजीने पूर्वी फसवणुकीचा एक शब्द आपल्याकडून नेला होता. तो ‘ठग’. संस्कृतातील ‘स्थग’ म्हणजे झाकणे, लपविणे. त्यातून ठग, ठक, ठकविणे ही शब्दांची मालिका आली. वाटसरूंच्या तांड्यात सोबती म्हणून मिसळावे, त्यांचा विश्वास संपादन करावा आणि मग रुमालाने गळा आवळावा, अशी ठगांची पद्धत कंपनी सरकारच्या कागदपत्रांत वर्णिलेली आहे. त्या वर्णनांत अतिशयोक्ती किती आणि राज्यविस्ताराची सोय किती, हा वाद इतिहासकारांत आहे, आणि तो रास्त आहे. ते वर्णन साऱ्या युरोपात पोचविणारी कादंबरी १८३९ मध्ये फिलिप मेडोज टेलर याने लिहिली. हा टेलर निजामाच्या नोकरीत होता आणि १८५३ पासून काही वर्षे त्याने नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहिला. नळदुर्ग मुरुडपासून फार दूर नाही. गंमत अशी की इंग्रजीत गेल्यावर ‘ठग’ शब्दातील कपट पुसले गेले आणि केवळ दांडगाई उरली. आज इंग्रजीत ठग म्हणजे रस्त्यावरचा गुंड. सोबती होऊन घात करणारा, हा मूळ अर्थ त्या भाषेने गमावला, आणि दीडशे वर्षांनी त्याच कृत्यासाठी तिला मासेमारीचा आधार घ्यावा लागला. मराठीला तो घेण्याची गरज नव्हती.

मराठीत ‘तोतया’ही आहे. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन एक इसम पुढे आला, त्याच्याभोवती माणसे आणि किल्ले जमले आणि १७७६ मध्ये पुणे दरबाराला ते बंड मोडून काढावे लागले. मराठी इतिहासात त्या प्रकरणाचे नाव ‘तोतयाचे बंड’ असे आहे. ज्याने सोंग घेतले त्याच्या नावाने प्रकरण ओळखले जाते. जे फसले त्यांच्या भाबडेपणावरून नाव पडले नाही. भाषेची ही सवय न्यायाला धरून आहे. भारतीय कायद्यानेही, नकळत का होईना, तोच मार्ग धरला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ‘फिशिंग’ हा शब्द नाही. २००८ च्या दुरुस्तीने त्यात ६६-ड हे कलम आले, ते संगणकाच्या साधनाने तोतयेगिरी करून फसविण्यासंबंधी आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. त्याआधी, मार्च २००५ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयासमोर नॅसकॉम या संस्थेच्या नावाने बनावट पत्रे पाठविणाऱ्यांचा खटला आला. देशात तेव्हा त्यासाठी वेगळा कायदा नव्हता, तरीही न्यायालयाने फिशिंगची व्याख्या करून ते बेकायदेशीर ठरविले आणि प्रतिवादींना १६ लाख रुपये भरावयास लावले. त्या व्याख्येचा गाभाही तोतयेगिरी हाच होता : जो आपण नाही तो असल्याचे भासविणे.

मग अडचण कोठे आहे? अडचण ‘निष्काळजीपणा’ या दुसऱ्या शब्दात आहे. ‘फिशिंग’ हा शब्द त्याचा मार्ग मोकळा करून देतो.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढले आणि खातेदाराच्या संमतीवाचून झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत त्याची जबाबदारी किती, हे ठरवून दिले. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक त्याच वर्षाच्या अखेरीस निघाले. कार्यकर्त्यांनी हे परिपत्रक मुळातून वाचावे इतक्या योग्यतेचे आहे. बँकेची चूक किंवा हयगय असेल, तर खातेदाराने तक्रार केव्हाही केली तरी त्याची जबाबदारी शून्य. दोष बँकेचाही नाही आणि खातेदाराचाही नाही, यंत्रणेत अन्यत्र कोठे तरी आहे, अशा वेळी तीन कामाच्या दिवसांत कळविल्यास जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळविल्यास ठरावीक मर्यादेपर्यंत, आणि साध्या मूलभूत बचत खात्याला ती मर्यादा पाच हजार रुपयांची. तक्रार मिळाल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती खात्यात जमा दाखवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे : खातेदार जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील.

इतके लोकाभिमुख परिपत्रक असूनही माणसे बँकेच्या दारातून रिकाम्या हाताने का परततात, याचे उत्तर त्यातील एका वाक्यात आहे. खातेदाराच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल, उदाहरणार्थ त्याने परवलीची माहिती दुसऱ्यास दिली असेल, तर तक्रार करेपर्यंतचे सर्व नुकसान त्याने सोसावे, असे ते वाक्य आहे. शाखेतील अधिकारी अर्ज पाहतो, ‘ओटीपी सांगितला का?’ एवढेच विचारतो आणि ‘हो’ म्हणताच फाईल मिटते. पुराव्याचा भार ज्याच्यावर आहे तोच एका प्रश्नात निकाल देऊन मोकळा होतो. फसवून काढून घेतलेली संमती आणि निष्काळजीपणे दिलेली माहिती यांत काही फरक आहे की नाही, हा प्रश्न टेबलापलीकडे विचारलाच जात नाही. विचारावयाचा कोणी? ज्याचे पैसे गेले तो आधीच शरमेने अर्धा झालेला असतो. घरात बोलणी बसलेली असतात. ‘फिशिंग झाले’ हे शब्द त्याच्या तोंडी घालून त्याच्याकडून स्वतःच्या मूर्खपणाचा कबुलीजबाब लिहून घेतला जातो.

न्यायासनांपर्यंत जी थोडी प्रकरणे पोचली, तेथे चित्र वेगळे दिसले. पुण्यातील एका उद्योगाच्या खात्यातून ८० लाखांहून अधिक रक्कम गेली होती. बनावट पत्राला उत्तर दिले गेले होते. २०१३ मध्ये राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी, निवाडा अधिकारी या नात्याने, पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. खातेदाराचाही काही दोष आहे असे मानले गेले, पण ज्या खात्यांत चोरीचा पैसा वळला, ती खाती उघडताना बँकेने पुरेशी छाननी केली नव्हती, हे नजरेआड केले गेले नाही. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच २०१७ च्या परिपत्रकाचा आधार घेऊन बँक ऑफ बडोदाला सुमारे ७६ लाख ९० हजार रुपये खातेदारास परत करण्यास सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात स्टेट बँकेचे अपील आले. रक्कम ९४ हजारांची. खातेदार ग्राहकसेवेची बतावणी करणाऱ्याच्या बोलण्याला फसला होता, परंतु त्याने चोवीस तासांच्या आत बँकेला कळविले होते. गौहाटी उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला, आणि असे व्यवहार ओळखून रोखण्याचे उत्तम तंत्र बँकांच्या हाती असताना त्यांना हात झटकता येणार नाहीत, असा अभिप्राय व्यक्त केला.

म्हणजे कायदा आहे, परिपत्रक आहे, निवाडेही आहेत. नाही तो मुरुडपासून त्यांच्यापर्यंत जाणारा रस्ता. निवाडा अधिकारी मुंबईत बसतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील गुन्ह्याचा तपास निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा नाही असा नियम आहे, आणि ग्रामीण भागातील अनेक ठाण्यांचा कारभार साहाय्यक निरीक्षकाकडे असतो. मग तक्रारदाराला जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यास सांगितले जाते. पहिला दिवस नातवाने संदेश वाचण्यात जातो, दुसरा शाखेत, तिसरा लातूरला. तोवर ‘तीन दिवस’ संपतात.

मोठ्यांच्या बाबतीत भाषा कशी पालटते तेही पाहावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून आठ कोटी दहा लाख डॉलर चोरीला गेले. अमेरिकन तपासयंत्रणेच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा आरंभ नोकरीच्या अर्जाचे सोंग घेतलेल्या पत्रांपासून झाला होता. बँकेच्या संगणकावर कोणीतरी ते उघडले. चोरांचा बेत जवळजवळ शंभर कोटी डॉलरचा होता. दोन कोटींचा एक हप्ता अडला, कारण ‘फाउंडेशन’ या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग चुकले होते आणि मधल्या बँकेतील कोणाला तरी ते खटकले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून तीन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले. या दोन्ही घटनांना सर्वांनी ‘सायबर हल्ला’ म्हटले. संस्था फसली की हल्ला होतो. शेतकरी फसला की निष्काळजीपणा होतो. संस्थेकडे संगणकतज्ज्ञ असतात, पहारे असतात, विमा असतो. शेतकऱ्याकडे सहावीतला नातू असतो.

आणि त्या चुकलेल्या स्पेलिंगमध्ये आणखी एक गोष्ट दडली आहे. खोटे पत्र ओळखण्याची खूण म्हणून बँका आपल्या जाहिरातींत हेच सांगतात : भाषेतील चुका पाहा, संकेतस्थळाच्या नावातील अक्षरे नीट वाचा. हा उपदेश इंग्रजी उत्तम येणाऱ्यासाठी आहे. ज्याला खरी इंग्रजीच वाचता येत नाही, त्याने खोटी कशी ओळखावी? डॉ. राममनोहर लोहिया इंग्रजीच्या सार्वजनिक वापराला विरोध करीत, तेव्हा त्यांचा आक्षेप भाषेवर नसून मूठभरांनी बहुसंख्यांना अंधारात ठेवण्यासाठी तिचा जो वापर होतो त्यावर होता. त्यांना त्या काळी भाबडे किंवा हटवादी म्हटले गेले. आज इंग्रजी संदेशांच्या अंधारात पाकीटमारी चालते, तेव्हा त्या आक्षेपाचा रोकडा अर्थ कळतो.

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. निजामी राजवटीत सरकारी कागद उर्दूत असे. मराठी बोलणारा कुणबी त्या कागदाखाली अंगठा उमटवी आणि कागदात काय लिहिले आहे ते दुसरा सांगेल तेवढेच त्याला ठाऊक असे. हैदराबाद संस्थानातील लोकांनी स्वातंत्र्यासाठी जो लढा दिला, त्यात आपल्या भाषेत शिकण्याचा आणि कारभार होण्याचा हक्क हीही एक मागणी होती. संस्थान १९४८ मध्ये मुक्त झाले, महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ मध्ये आला, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. तरीही मुरुडच्या खातेदाराच्या हातातील संदेश इंग्रजीतच आहे आणि अंगठा पुन्हा यंत्रावर आहे. आकड्यांचा ओटीपी हा त्या अंगठ्याचाच नवा अवतार. कशाला संमती दिली ते न कळता दिलेली. छापील साहित्य आणि अर्ज प्रादेशिक भाषेत ठेवावेत अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. त्या पाळल्या जातात की नाही, याची तपासणी कोणत्याही कार्यकर्त्याला शाखेत पाच मिनिटे उभे राहून करता येईल.

याउलट तोतयाचे पाहा. तो दूरध्वनीवर मराठीत किंवा सोप्या हिंदीत बोलतो, ‘काका’ म्हणतो, ‘मावशी’ म्हणतो, शांतपणे दोनदा समजावून सांगतो. बँकेच्या खिडकीवर ज्याला आयुष्यात कोणी ‘बसा’ म्हटले नाही, त्याला इतक्या अदबीने वागविणारा माणूस पहिल्यांदा भेटतो तो हा. त्याच्यावर विश्वास बसतो यात नवल ते काय!

हा बोलणारा तरी कोण असतो? झारखंडातील जामताडा या मागास जिल्ह्याचे नाव या धंद्यामुळे देशभर झाले. काम नसलेल्या तरुणांची पिढी तेथे दूरध्वनीवर बसली. पुढे धंदा मोठ्या भांडवलाच्या हाती गेला. म्यानमार आणि कंबोडियातील तटबंद वसाहतींत नोकरीच्या आशेने नेलेल्या भारतीय मुलांची पारपत्रे काढून घेऊन त्यांना दिवसरात्र फसवणुकीच्या कामाला जुंपले गेले. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडमार्गे विमानाने परत आणावे लागले. चोरीचा पैसा फिरविण्यासाठी जी खाती लागतात, तीही गरिबांचीच. दोनचार हजारांसाठी खाते आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती देणारा बेकार तरुण पोलिसांच्या हाती प्रथम लागतो आणि बहुधा शेवटचाही तोच. २०२४ या एका वर्षात देशातील लोकांनी सायबर फसवणुकीत २२ हजार ८४५ कोटी रुपये गमावले, असे केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले. इतका पैसा बँकांच्याच खात्यांतून, बँकांच्याच वाटांनी गेला. प्रत्येक खाते ‘ओळखीची पूर्तता’ करूनच उघडलेले होते. खातेदाराच्या ओळखीसाठी त्याला वर्षातून चार वेळा हेलपाटे घालायला लावणाऱ्या यंत्रणेला चोराच्या खात्याची ओळख पटत नाही, याचा जाब मात्र कोणी निष्काळजीपणाच्या नावाखाली मागत नाही.

कोणी म्हणेल, एका शब्दाचा एवढा ऊहापोह कशाला; शब्द बदलल्याने पैसे परत येणार आहेत काय? येणार नाहीत. आणि लोकांनी सावध राहू नये असेही कोणी म्हणत नाही. ओटीपी कोणालाही सांगू नये, अनोळखी ॲप उतरवू नये, हे गावोगाव सांगितलेच पाहिजे. परंतु अर्जावर काय लिहिले जाते याला किंमत असते. ‘माझ्याकडून ओटीपी दिला गेला’ असे लिहिणारा आणि ‘बँकेचा अधिकारी असल्याची तोतयेगिरी करून अमुक वाजता माझी फसवणूक करण्यात आली’ असे लिहिणारा, या दोघांचे पैसे एकाच रीतीने गेलेले असतात. पण पहिल्याने बँकेचे काम सोपे केलेले असते आणि दुसऱ्याने तिच्यावर पुराव्याचा भार टाकलेला असतो. दुसरा अर्ज लिहून देणारा माणूस गावात असणे, हे आज पक्षाच्या शाखेचे काम आहे. एके काळी सातबारा वाचून देणारा, कुळकायद्याचा अर्ज लिहून देणारा, रोजगार हमीच्या हजेरीपटातील खाडे दाखवून देणारा कार्यकर्ता असे. त्याच्याच पंक्तीतले हे काम आहे.

त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावयाचा, कारण पहिल्या काही तासांत पुढच्या खात्यातील रक्कम गोठविता येण्याचा संभव अधिक असतो. त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज द्यावयाचा, मराठीत. त्यात वेळ, रक्कम, आलेला संदेश जसाच्या तसा, आणि २०१७ च्या परिपत्रकाचा उल्लेख. बँकेने महिनाभरात दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. शाखेत ‘साहेब जेवायला गेलेत, उद्या या’ असे उत्तर मिळेल. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ आणि शिक्का पडेपर्यंत तेथून उठावयाचे नाही, कारण तीन दिवसांची मोजणी त्या शिक्क्यावर अवलंबून आहे.